सकाळच्या आकड्यामागची रात्र

मधुमेहावरची मराठी पुस्तके बहुधा पन्नाशीतला वाचक समोर ठेवून लिहिली जातात. त्याच्या जेवणाची वेळ ठरलेली असते, संध्याकाळी फिरायला रस्ता असतो आणि रात्री दहाला अंथरुणावर पडायची मोकळीक असते. काय खावे, किती चालावे, गोळी कधी घ्यावी हे त्याला नीट सांगितले की पुस्तकाचे काम बरेचसे होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या विशी-बाविशीच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती असे पुस्तक दिले तर त्यातली निम्मी पाने त्यांच्या जगण्याला लागूच पडत नाहीत. मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, पण कधी झोपायचे आणि कधी उठायचे हे त्यांच्या हातात नाही. ते ठरवते शेतीच्या विजेचे वेळापत्रक, उसाची गाडी भरायला येण्याची वेळ, सुरतेच्या मागावरची पाळी, वसतिगृहातली खोली, घरातले तान्हे मूल. ही पुस्तिका त्या वाचकांसाठी आहे, आणि त्यांच्या गावच्या आशाताई, परिचारिका आणि तरुण डॉक्टरांसाठीही. विषय एकच : झोप आणि रक्तातली साखर.

एवढ्या एकाच विषयावर वेगळी पुस्तिका कशाला, असे कोणी विचारेल. कारण दवाखान्यात हाच प्रश्न विचारायचा राहून जातो. उपाशीपोटीची साखर २४० आली की पोराला विचारले जाते, रात्री काय खाल्ले? भात खाल्ला का? लग्नात गेला होतास का? तो सांगतो, नेहमीची भाकरी आणि डाळ खाल्ली. त्याच्यावर विश्वास बसत नाही. कागदावर डोस दोन युनिटने वाढतो आणि तो पुढच्या महिन्यापर्यंत घरी जातो. रात्री कुठे होतास, किती झोपलास, मध्ये उठलास का, हे कोणी विचारत नाही. आणि बऱ्याच वेळा उत्तर तिथेच असते. डोस वाढवण्याआधी रात्र विचारावी, एवढेच या पुस्तिकेचे म्हणणे आहे. पुढची सारी प्रकरणे त्या म्हणण्याचा विस्तार आहेत.

जिल्ह्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण इथे ते आजाराशी जोडलेले आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा : नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे धडगाव. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती आणि तिच्यात जवळजवळ सत्तर टक्के लोक भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी अशा आदिवासी समाजांचे होते. खाली तापीकाठी काळी जमीन, केळी, पपई, ऊस, कापूस, मिरची. वर सातपुड्यात ज्वारी-मका, मोह आणि आंबा. धडगावचा आमचूर दूरवर जातो. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या काही गावांपर्यंत आरोग्यसेवा बोटीने पोहोचते. २०२० पासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही मोठी गोष्ट झाली.

तरीही या वयाचा मधुमेही तपासणीच्या जाळ्यातून निसटतो. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात गावपातळीवर जी सरसकट तपासणी होते ती तिशीपुढच्यांची. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची आरोग्य तपासणी अठराव्या वर्षी संपते. मधली बारा वर्षे कुणाच्याच यादीत नाहीत. गंमत नव्हे, खंत वाटावी अशी गोष्ट ही की याच वयाच्या मुलामुलींचे रक्त दुसऱ्या एका कारणासाठी आवर्जून तपासले जाते : २०२३ च्या जुलैत सुरू झालेले राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांना तपासते. बोट टोचलेले असतेच. साखरेची एक पट्टी तिथेच वापरली तर कितीतरी जण वेळेवर सापडतील.

या वयात इथे आढळणारा मधुमेह एकाच जातीचा नाही. पहिल्या प्रकारात शरीराचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. इन्सुलिनवाचून हा माणूस जगू शकत नाही. दुसरा प्रकार एके काळी उतारवयाचा मानला जाई, आता तो पंचविशीतही दिसतो आणि इथे तो अंगाने सडपातळ माणसालाही होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या माता आणि त्यांची बाळे यांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यातून हे पुढे आले की आपल्याकडचे बाळ वजनाने कमी असले तरी त्याच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त असते. हडकुळा दिसतो म्हणून मधुमेह नसेल, हा तर्क महाराष्ट्रात चालत नाही. आणि कुपोषणाशी जोडलेला एक तिसरा प्रकारही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये तो मान्य केला, १९९९ मध्ये यादीतून काढला, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या संशोधनानंतर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला पाचवा प्रकार म्हणून पुन्हा स्थान दिले. लहानपणी पोटभर न मिळालेल्या सडसडीत तरुणांना तो होतो. ज्या जिल्ह्याचे नाव दोन पिढ्या कुपोषणाच्या बातम्यांत येत राहिले, तिथल्या डॉक्टराने हा प्रकार डोक्यात ठेवूनच तपासावे. इन्सुलिनचा डोस या रुग्णांत पहिल्या प्रकाराच्या मापाने दिला तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, आणि ती उतरते बहुधा रात्री.

आता झोपेकडे येऊ. १९९९ मध्ये शिकागो विद्यापीठात ईव्ह व्हॅन कॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धडधाकट अशा ११ तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. मधुमेह कुणालाच नव्हता. तरी आठवड्याच्या आत त्यांच्या रक्तातली साखर पेशींत शिरण्याचा वेग, पुरेशी झोप झाल्यानंतरच्या वेगाच्या मानाने, सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला. २००८ मध्ये त्याच विद्यापीठात वेगळा प्रयोग झाला. नऊ जणांना झोपू दिले पूर्ण वेळ, पण गाढ झोप लागू लागली की हलके आवाज करून ती मोडायची, मात्र जागे होऊ द्यायचे नाही. तीन रात्रींत इन्सुलिनचा गुण सुमारे चतुर्थांशाने घटला. म्हणजे नुसते तास भरून उपयोग नाही. झोप खोल लागली पाहिजे. २०१० मध्ये हॉलंडातल्या लायडन इथे पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या सात रुग्णांना एकच रात्र चार तासांची दिली, तर दुसऱ्या दिवशी तेच इन्सुलिन १४ ते २१ टक्क्यांनी कमी कामाला आले. प्रयोग लहान आहेत, पण त्यांची दिशा एक आहे आणि नंतरच्या कामाने ती पक्की झाली. २०२२ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या मधुमेह संघटनांनी उपचारांचे जे संयुक्त मार्गदर्शन काढले त्यात आहार आणि हालचालीच्या बरोबरीने झोपेला जागा दिली गेली. तरुण माणसाला सात ते नऊ तास, आणि शक्यतो रोज त्याच वेळी, हे झोपेचे सर्वसाधारण माप.

हे होते कसे? अपुऱ्या झोपेत शरीर सावधच राहते. कॉर्टिसॉल, अॅड्रेनलिन यांसारखी संप्रेरके चढी राहतात. ती यकृताला साखर सोडायला सांगतात आणि स्नायूंना इन्सुलिनचे ऐकू देत नाहीत. शिवाय जागरणाने भूक वाढते, तीही गोड-तळलेल्या पदार्थांची. उलटही खरे आहे. साखर साधारण १८०च्या वर गेली की ती लघवीतून बाहेर पडू लागते, बरोबर पाणी ओढून नेते. माणूस रात्री तीन-चार वेळा उठतो, घसा कोरडा पडतो, पुन्हा पाणी पितो. पायांची आग होते. झोप मोडली म्हणून साखर चढते आणि साखर चढली म्हणून झोप मोडते, असा हा फेरा आहे.

नंदुरबारात या साऱ्याला आणखी एक कारण येऊन मिळते, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचे वाटते. गेल्या तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती हे सांगणारी एचबीएवनसी नावाची तपासणी आहे. सगळे उपचार तिच्याकडे बघून ठरतात. सातच्या आत आली की बरे चालले आहे असे मानतात. ही तपासणी लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनवर किती साखर चिकटली आहे ते मोजते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, हे तिच्यात गृहीत धरलेले आहे. सिकलसेलच्या रुग्णाची लाल पेशी जेमतेम दोन-तीन आठवडे टिकते. साखर चिकटायला तिला वेळच मिळत नाही, आणि अहवालात आकडा खोटाच कमी येतो. लोहाच्या कमतरतेचा अॅनिमिया असेल तर उलट होते, आकडा खोटाच जास्त येऊ शकतो. नुसता सिकलसेलचा वाहक असेल तर फरक थोडा पडतो, पण काही यंत्रांवर तोही गोंधळ करतो. ज्या जिल्ह्यात सिकलसेल घराघरात माहीत आहे आणि अॅनिमिया तर मुलींत सर्रास आहे, तिथे या एका आकड्यावर विसंबून कुणाला शाबासकी द्यायची आणि कुणावर रागवायचे? सिकलसेलचे कार्ड आणि मधुमेहाचा कागद एकाच टेबलावर शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत. मग उरतो तो बोटातून काढलेल्या थेंबाचा आकडा, आणि त्यातही सकाळचा उपाशीपोटीचा. तो आकडा घडतो रात्री. सरासरी जिथे दगा देऊ शकते, तिथे रात्रीची हकिकत हीच तपासणी होऊन बसते.

ती हकिकत जवळून पाहू. शेतीपंपाच्या वाहिन्यांना थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते : आठवड्याचे काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की वीज येईपर्यंत झोप लागत नाही. आली की उठायचे. घरात वडील थकलेले, म्हणून जातो तो तरुण मुलगा. बॅटरी, फावडे, पायात गमबूट असले तर. स्टार्टरला ऑटो स्विच लावला तरी पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला माणूस लागतोच. पपईच्या ओळींतून चिखलात पाय रुतवत चालायचे, बांध फोडायचा, पुन्हा घालायचा. साप-विंचवाचे भय, बिबट्याचे भय. मध्ये वीज गेली की बांधावर बसून वाट पाहायची, कारण परत येईल कधी ते ठाऊक नसते. पहाटे घरी येऊन तो पडतो, ऊन चढेपर्यंत झोपतो, आणि पुढच्या आठवड्यात वीज दिवसा असल्याने हेच वेळापत्रक उलटे होते. शरीराला दर आठवड्याला नव्या गावी नेऊन ठेवल्यासारखे हे आहे.

आता याच मुलाच्या हातातले इन्सुलिन पाहा. सरकारी दवाखान्यात बहुधा तीस-सत्तरचे मिश्रण मिळते : तीस भाग लवकर काम करणारे, सत्तर भाग सावकाश. संध्याकाळी आठला, जेवणाआधी घेतले की त्यातला सावकाश भाग चार तासांनंतर जोर धरतो आणि मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत चढा राहतो. गाढ झोपेतल्या माणसालाही रात्री दोन-तीनच्या सुमारास इन्सुलिनची गरज सगळ्यात कमी असते. आपला मुलगा तर त्याच वेळी चिखलात फावडे मारतो आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतो. वरून इन्सुलिनचा जोर. घाम येतो, हातपाय थरथरतात, पण घाम कामाचा आणि थरथर थंडीची असे वाटून जाते. जवळ काही नसेल तर तो तिथेच कोसळू शकतो. बिस्किटाचा पुडा असेल तर तो सगळा खातो, घरी येऊन साखरेचा चहा घेतो आणि झोपतो. पहाटे चारपासून शरीर दिवसाच्या तयारीला लागते, संप्रेरके चढतात, यकृत साखर सोडते; हे सगळ्यांतच होते, पण मधुमेह्याकडे त्याला आवर घालणारे इन्सुलिन नसते आणि रात्रीचे आता ओसरत आलेले असते. त्यात जागरण, त्यात बिस्किटे. सकाळी सातला घ्यायचा डोस तो झोपेत असल्याने अकराला घेतो किंवा घेतच नाही. त्या दिवशी दवाखान्यात आकडा येतो २६०. आणि कागदावर रात्रीचा डोस वाढतो. पुढच्या रात्रपाळीला तो मुलगा आधीपेक्षा जास्त धोका घेऊन शेतात जातो.

यात कुणाची लबाडी नाही, कुणाचा आळस नाही. डॉक्टरांसमोर गर्दी असते, मुलाला वाटते की शेतात पाणी भरणे ही काय सांगायची गोष्ट. म्हणून पुस्तिकेतले चौथे प्रकरण सगळ्यात मोठे झाले आहे. दिवसा वीज असलेल्या आठवड्याचा डोस वेगळा आणि रात्री वीज असलेल्या आठवड्याचा वेगळा, असे दोन लेखी आराखडे डॉक्टरांकडून करून घ्यावेत, हे त्यात सविस्तर मांडले आहे. सावकाश काम करणारा भाग जेवणाआधीऐवजी झोपताना घेणे, किंवा शक्य असेल तिथे चोवीस तास एकसारखे चालणारे इन्सुलिन वापरणे, हे पर्याय कुणाला कसे लागू पडतात तेही सांगितले आहे. कामाला निघण्याआधी साखर शंभरच्या खाली असेल तर खाल्ल्याशिवाय निघू नये. खिशात साखर किंवा गूळ, तोही पाणी न लागेल अशा पिशवीत. बोट टोचण्याआधी हात धुवावेत : पपई-केळी हाताळलेल्या बोटावरचा थेंब खोटा चढा आकडा दाखवतो, आणि त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन घेतले तर अनर्थ ओढवतो. बाटली दोन्ही तळव्यांमध्ये सावकाश फिरवून दुधासारखी एकसारखी करायची, नाहीतर एका दिवशी पाणचट डोस जातो आणि दुसऱ्या दिवशी दाट. आपल्याकडच्या चाळीस युनिटच्या बाटलीला लाल टोपीचीच सिरिंज. नंदुरबारच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो. घरात फ्रिज नसेल तर ओल्या वाळूतल्या मडक्यात बाटली कोरडी राहील अशी ठेवावी, उन्हात किंवा पत्र्याखाली कधीही नाही.

दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्यांची मागणी जुनी आहे. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. तिच्याकडे आपण सिंचनाची आणि वीजबिलाची योजना म्हणून पाहतो. माझ्या मते ती या जिल्ह्यातल्या तरुण मधुमेह्यांसाठी औषधाइतकी मोलाची आहे, आणि आरोग्य खात्याने ती तशी मागितली पाहिजे.

दिवाळीनंतर डोंगरातली गावे रिकामी होतात. कोयता घेऊन जोडपी गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. दक्षिण गुजरातेतल्या या ऊसतोडीचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून केला. कारखाना चोवीस तास चालतो म्हणून माणसांनाही रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावे लागते, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. पडावावर प्लास्टिकच्या पालात झोपणाऱ्या, मुकादमाची उचल अंगावर असलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला झोपेचे नियम सांगणे क्रूरपणाचे आहे. तिला सांगता येईल ते असे : निघण्याआधी किती बाटल्या लागतील त्याचा हिशेब, त्या ज्या दवाखान्यात मिळतील त्याचा पत्ता, सोबतच्या एका तरी बाईला आजार सांगून ठेवणे, आणि गाडी रात्री येणार असेल तर दुपारी दोन तास सावलीत डोळा लावणे. सुरतेच्या मागांवर बारा-बारा तासांच्या दिवस-रात्र पाळ्या करणाऱ्यांसाठी स्वतंत्र टिपण आहे. त्यांचा प्रश्न शेतकऱ्यासारखाच, फक्त कान बधिर करणारा आवाज त्यात जास्तीचा.

शिकणाऱ्या मुलामुलींची रात्र वेगळ्या कारणाने मोडते. वसतिगृहात एका खोलीत अनेक जण, कुणाचा दिवा दोनपर्यंत चालू, कुणाचा मोबाईल. आणि पहाटे चारला पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे मैदानावर धावायला निघतात. विशीच्या आसपास शरीराचे घड्याळ मुळातच उशिरा झोपायला लावणारे असते, त्यात चारला उठणे म्हणजे रोज तीन तासांची उधारी. उपाशीपोटी, इन्सुलिन अंगात असताना सोळाशे मीटर जोरात पळाल्यावर साखर कधी उतरते तर कधी उलट चढते, आणि दुपारी किंवा पुढच्या रात्री झोपेत ती खाली येऊ शकते, कारण व्यायामानंतर चोवीस तासांपर्यंत स्नायू साखर ओढत राहतो. हे कळल्यावर भरतीची तयारी सोडायची गरज नाही. धावण्याची वेळ सहाची करता येते, आदल्या रात्री काय खायचे ते ठरवता येते. मोबाईलवर आम्ही एक पान लिहिले आहे आणि तेवढे पुरे आहे. तरुणांची झोप मोबाईलने खाल्ली असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. या जिल्ह्यातली झोप जास्त करून कामाने खाल्ली आहे.

आणि सणांनीही, पण तो हिशेब निराळा. काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर ढोल वाजतो, घुंगरांचा फेर चालतो आणि पहाटे होळी पेटते. त्या रात्री झोपा असे सांगणारा डॉक्टर या मातीतला नव्हे. नाचणे म्हणजे कष्टच. त्या रात्रीसाठी डोस कमी करावा लागतो, मध्ये-मध्ये खावे लागते आणि सोबत्यांना माहीत असावे लागते. मोहाची दारू देवाला चढते आणि माणसाच्याही हाती येते. तिच्याबद्दल पुस्तिकेत उपदेश नाही, एक गोष्ट मात्र ठळक अक्षरांत आहे : दारू यकृताला साखर सोडू देत नाही. पोटात अन्न नसताना, नाचून दमल्यावर, इन्सुलिन घेतलेल्या माणसाने ती घेतली तर पहाटे साखर कोसळते, आणि आजूबाजूच्यांना वाटते की नशेत पडला आहे, झोपू द्या.

झोपेत साखर उतरण्याची भीती खोटी नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या १३ ते ३९ वर्षांच्या १४४१ रुग्णांवर झालेल्या, १९९३ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या मोठ्या अभ्यासात साखर गंभीररीत्या उतरण्याच्या निम्म्याहून अधिक घटना झोपेत घडलेल्या होत्या. जागेपणी अॅड्रेनलिन उसळून माणसाला सावध करते. झोपेत तो इशारा मंद होतो. म्हणून आया रात्री उठून मुलाच्या कपाळाला हात लावून पाहतात, घाम आहे का. म्हणून मुले झोपताना मुद्दाम जास्त खातात किंवा इन्सुलिन टाळतात. आम्ही या भीतीला नावे ठेवत नाही. रात्री तीनची एखादी तपासणी, आठवड्यातून एकदा, महिनाभर केली तर भीती कुठे खरी आणि कुठे नाही ते समजते. सत्तरच्या खाली आकडा असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग भाकरीचा तुकडा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचे नाही, कुशीवर वळवायचे आणि १०८ला फोन. पाड्यावर रेंज नसते, रस्ता नसतो, झोळी करून न्यावे लागते. म्हणून घरात ग्लुकागॉन मिळवून ठेवता येईल का हे डॉक्टरांना विचारून ठेवावे.

मुलींविषयीचे प्रकरण लिहायला सगळ्यात अवघड गेले. लग्न मोडेल या भयाने कितीतरी मुली आजार लपवतात. सासरी सुई न्हाणीघरात घेतली जाते, बाटली कपड्यांच्या घडीत दडवली जाते, रात्री साखर उतरली तर शेजारी झोपलेल्या माणसाला ते काय आहे हे कळत नाही. सगळ्यांच्या नंतर जेवायचे, सगळ्यांच्या आधी उठायचे, पाणी भरायचे, चूल पेटवायची. संध्याकाळचे इन्सुलिन आठला आणि जेवण दहाला, ही दोन तासांची पोकळी रोज तिच्या वाट्याला येते. गर्भ राहण्याआधी साखर आटोक्यात असणे बाळासाठी किती गरजेचे आहे आणि बाळंतपणानंतर दर दोन तासांनी उठणाऱ्या आईचा डोस कसा उतरवायचा, हे त्या प्रकरणात आहे. ते नवऱ्याने आणि सासूने वाचावे म्हणून मुद्दाम सोप्या, मोठ्या अक्षरांत छापले आहे. अहिराणी, भिली आणि पावरी बोलणाऱ्या घरांत ते मोठ्याने वाचून, समजावून सांगायला आशाताईंसारखे दुसरे कोणी नाही.

शेवटी नोंदवही आहे. तिच्यात नेहमीचे रकाने आहेतच : साखर, इन्सुलिन, जेवण. त्यांच्या शेजारी आम्ही चार रकाने वाढवले आहेत. कितीला झोपलो, कितीला उठलो, मध्ये कशासाठी उठलो, आणि त्या रात्री शेतात वीज होती का. वर उजव्या कोपऱ्यात सिकलसेल तपासणीचा निकाल लिहायची जागा आहे. दवाखान्यात जाताना ही वही सोबत न्यावी आणि डॉक्टरांनी आधी डावीकडचे पान उलटावे, जिथे रात्री लिहिल्या आहेत. साखरेचे आकडे उजव्या पानावर आहेत.